चार दारांचे सर

अहमदपूरची आठवण निघाली की मला आधी तिथली संध्याकाळ दिसते. टँकर येऊन गेलेला असायचा, रस्त्यावर सांडलेलं पाणी मातीनं केव्हाच पिऊन टाकलेलं असायचं, आणि पिवळी धूळ इतकी सावकाश खाली बसायची की गाव झोपेत असल्यासारखं वाटायचं. त्या धुळीतून एक माणूस भिंतीच्या कडेकडेनं घाईनं घराकडे निघालेला असे. पांढरा सदरा, काखेत छत्री, खिशात पितळेचा पेला. दर थोड्या वेळानं थांबून मान वर करायचा आणि सूर्य कुठवर उतरला ते बघायचा. ते आमचे सर. शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि मी त्यांच्याच घरात एक खोली भाड्यानं घेऊन राहत होते.

मी नांदेडची. मराठी शिकवायला म्हणून अहमदपुरात आले तेव्हा लातूर नुकता जिल्हा झाला होता. इतकी वर्षं उस्मानाबादकडे तोंड करून बसलेलं गाव आता लातूरकडे तोंड करून बसलं होतं. पाऊस मात्र दोन्हीकडून येत नव्हता. पहिल्याच दिवशी मी अंगणात पाय धुवायला दोन तांबे पाणी घेतलं, तर सर ओट्यावरून म्हणाले, "बाई, तुम्ही गोदावरी उशाला घेऊन झोपलेली माणसं. हितं पाय धुवायचे तर शेवग्याच्या बुडाला जाऊन धुवायचे."

त्या घरात सगळंच शेवग्याच्या बुडाला व्हायचं. आंघोळीची फरशी शेवग्याजवळ, भांडी घासायची जागा शेवग्याजवळ. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी काकू, म्हणजे सरांच्या बायको, थेट त्याच्या आळ्यात ओतायच्या. मी खोली घेतली तेव्हा सरांनी भाड्याबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि आंघोळीच्या पाण्याची वाट कुठून कुठे जाते हे मात्र मला फिरवून दाखवलं. गावातली झाडं वाळून काड्या झाली होती, आणि हा एक शेवगा साबणाचं पाणी पिऊन हिरवागार उभा होता. मला त्याचा फार राग यायचा. घरमालकापेक्षा झाडाचा धाक जास्त, असं घर मी दुसरं पाहिलं नाही.

सरांचं खरं राज्य वर्गात. माझा वर्ग आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये एक पत्रा होता. मी इकडे कविता शिकवायची आणि माझ्या मुली कान लावून पलीकडचं ऐकायच्या. सर फळ्यावर एक घर काढायचे. घराला चार दारं.

"रोग काय वरून पडतो का रे? न्हाई. रोग दारातून येतो. पैलं दार कंचं?"

"बाहेरचं!" पोरं ओरडायची.

"बाहेरचं. पाणी, हवा, माशी, डास. पटकी आली, हिवताप आला, खरूज आली, नारू आला. ह्या दाराला काय लावायचं? उकळलेलं पाणी, फडकं, साबण. दुसरं दार ताटाचं. ताटात जे यायला पायजे ते आलं न्हाई, की तिथून रोग येतो. पोराचे पाय वाकतात, गळ्याला गाठ येते, रातांधळं होतं. तिसरं दार झिजेचं. जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाऊन छाती झिजते, बिडीनं झिजते, वयानं गुडघे झिजतात."

मग खडू थांबायचा. चौथ्या दारावर सर एक मोठं कुलूप काढायचे.

"आणि हे चौथं. जन्माचं. ह्याला कुलूप हाय. परीक्षेपुरतं पुस्तकातून वाचून घ्या."

दरवर्षी असंच. पहिल्या दारावर ते आठवडा घालवायचे, दुसऱ्यावर तर महिना. मुलांना रानात नेऊन घोळ, पाथरी, तांदुळजा अशा रानभाज्या ओळखायला लावायचे. चौथं दार कुलपासकट पुसून टाकायचे. मला वाटायचं, अभ्यासक्रम पुरा करायची घाई असेल. आम्ही सगळेच शिक्षक शेवटचा धडा असाच ढकलतो.

शाळेबाहेरही दारं सुटायची नाहीत. बरं नाही असं कुणी म्हणायची खोटी, सर विचारायचे, "कंच्या दारानं?" दूधवाल्याला विचारायचे, शिपायाला विचारायचे. एकदा माझं डोकं दुखत होतं.

"कंचं दार, बाई?"

"दार नाही सर, नववी ब."

"म्हंजे पैलंच. बाहेरून आलेलं," असं म्हणून ते गंभीरपणे निघून गेले. ते विनोद करतात की नाही, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

चहाला गेलो की ते खिशातला पितळेचा पेला काढायचे आणि हॉटेलवाल्याला त्यातच ओतायला लावायचे. जंतूंचं एवढं भय घेतलेला माणूस म्हणून आम्ही त्यांची थट्टा करायचो. एकदा मी तसं तोंडावर म्हणाले. ते पेला फडक्यानं पुसत होते. म्हणाले, "पेला जुना हाय, बाई. जंतू मला नंतर कळले. माझा बाप हाटेलात चहा प्यायला जायचा तवा आमची कपबशी भायेर खिळ्याला टांगलेली असायची. तवाच मी ठरवलं, आपला पेला आपल्या खिशात." ते हे अगदी सहज बोलले. पुन्हा मी पेल्याची थट्टा केली नाही.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे संध्याकाळ. सूर्य बाभळींच्या शेंड्याला टेकला की सर उठलेच. मग लग्नाचं जेवण असो की शाळेची सभा. एकदा मुख्याध्यापक भाषणाच्या ऐन रंगात असताना सर छत्री घेऊन उभे राहिले.

"सर, सभा संपलेली नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

"ऊन संपलं, साहेब," सर म्हणाले आणि गेले.

गावात याची नाना कारणं सांगत. कुणी म्हणे भुताला भितात, कुणी म्हणे बायकोला. काकूंना पाहिल्यावर दुसरं कारण मला थोडं पटलं होतं. उंच, हाडापेराच्या बाई. बोलायच्या कमी आणि बोलल्या की पुढे कुणाला बोलायला जागा ठेवायच्या नाहीत.

खरं कारण मला घरात राहून हळूहळू दिसलं. दिवेलागणीला मी ओट्यावर उभी असले तरी सर अगदी जवळ येऊन विचारायचे, "कोण हाय?" भिंतीला एक हात लावल्याशिवाय अंगण ओलांडायचे नाहीत. वीज असली तर बरं, पण त्या वर्षी वीजही टँकरसारखीच मनात आलं तर यायची. दिवसा लांबच्या बाकावरच्या पोराची चिठ्ठी पकडणारा हा माणूस, तिन्हीसांजेला आंधळा व्हायचा.

एका रविवारी दुपारी शेवग्याचा पाला खुडत बसलो होतो तेव्हा ते आपणहून बोलले. अशा दुपारी वारा पडलेला असतो, लांब कुठं तरी पिठाची गिरणी चाललेली असते, आणि माणसं स्वतःशी बोलावं तशी दुसऱ्याशी बोलतात.

"माझ्या मायलाबी असंच व्हतं. ती दिवस मावळला की चाचपडायची. एकदा भाकरी थापता थापता हात चुलीत गेला. गावातली माणसं काय म्हणायची म्हायती हाय का? ह्यांच्या रक्तातच अंधार हाय."

पाला खुडणारा हात थांबला.

"आमच्या गावात सगळं जन्मानंच ठरलेलं व्हतं, बाई. विहीर जन्मानं, वाट जन्मानं, स्मशानबी जन्मानं. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली, त्या दिवशी घरातल्या घरात म्हणाला, आता जन्माचं संपलं. मी तवा मॅट्रिकला व्हतो. मग पुढं कालेजात पुस्तकात वाचलं, रातांधळेपणा हा जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं होतो. मी ते पान किती येळा वाचलं असंल! माझ्या मायच्या ताटात काय व्हतं? ज्वारीच्या कण्या अन् मीठ. रक्तात अंधार नसतो, बाई. ताटात असतो."

बोलताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी बघत राहिले. मला त्या पोराचं फार कौतुक वाटलं. साऱ्या गावानं शिक्का मारलेली गोष्ट त्यानं एका पानाच्या जोरावर परत केली होती. तेव्हापासून मी आंघोळीचं पाणी शेवग्याला कुरकुर न करता देऊ लागले.

एक शंका तेवढी मनात राहिली. सर वीस वर्षं पाला खात होते. सकाळी पाला, संध्याकाळी पाला, पपई, गाजर, बाटलीतलं वास मारणारं माशाचं तेल. काकू म्हणायच्या, "शेळीसुद्धा एखाद्या दिवशी तोंड फिरवती. ह्यांचं न्हाई." ताटाचं दार एवढ्यात बंद व्हायला हवं होतं. मी तसं आडून विचारलं, तर सर म्हणाले, "पिढ्यांची भूक हाय, बाई. भरून निघायला येळ लागणारच."

त्यांची मुलगी बेबी तेव्हा बारावी पास झाली होती. बापासारखंच सरळ नाक, बापासारखीच घाईची चाल. तिला नर्स व्हायचं होतं. चार दारं ऐकत लहानाची मोठी झालेली पोरगी, दुसरं काय होणार? लातूरला नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत महिनाभरावर आली होती आणि घरात दुसरा विषय नव्हता. अशात एका संध्याकाळी ती अंगणात ठेवलेल्या पाण्याच्या टिपाला धडकली. टीप लवंडला. दुष्काळात टीपभर पाणी जाणं म्हणजे केवढी गोष्ट! पण त्या पाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सर ओट्यावर उभे होते. त्यांनी आवाज ऐकला होता.

"बेबी, तुला टीप दिसला न्हाई का?"

"ध्यान नव्हतं, बाबा."

दुसऱ्या दिवसापासून बेबीच्या ताटात पाला दुप्पट झाला. "बहात्तरच्या दुष्काळात ही पाच वर्षांची व्हती," सर मला समजावून सांगायचे. "सरकारनं वाटलेली सुकडी अन् मिलो ज्वारी खाऊन वाढलेलं लेकरू. तवाची कमतरता हाय. मुलाकतीपस्तोर भरून काढतो." आणि रोज दिवेलागणीला तिची परीक्षा सुरू झाली. अंगणाच्या त्या टोकाला कपडे वाळत घालायची तार होती. सर ओट्यावर बसायचे, बेबीला शेजारी बसवायचे आणि विचारायचे, "तारेवर काय हाय?"

"आईचं हिरवं लुगडं. तुमचा सदरा. एक टावेल."

"शाब्बास. कालच्यापेक्षा सुदरून राहिलंय."

मला फार बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग एक दिवस दुपारी मी शाळेतून लवकर आले, तर बेबी तारेसमोर उभी राहून ओठ हलवत होती. तारेवरचे कपडे पाठ करत होती.

मला पाहून ती दचकली. मग जवळ आली आणि माझा हात धरला. "बाबाला सांगू नका, बाई. मला सांजच्याला कायबी दिसत न्हाई. लहानपणापासूनच कमी दिसतंय, आता लईच कमी झालंय. पण त्यांनी किती पानी घातलंय त्या झाडाला!"

मी काय सांगणार? मी भाडेकरू. शिवाय त्या पोरीचा चेहरा बघून कुणालाच काही सांगावंसं वाटलं नसतं. पण त्या दिवसापासून संध्याकाळची ती परीक्षा मला बघवेना. कारण एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की परीक्षा घेणाऱ्यालाही तार दिसत नाही. दुपारी घरी आल्यावर तेही तारेकडे एकदा निरखून बघून घेत. लेक आठवणीतून उत्तर द्यायची आणि बाप आठवणीतून तपासायचा. दोघंही अंधारात टक लावून बसायची आणि दोघांचं उत्तर रोज जुळायचं.

हे मी एकटीच बघत नव्हते.

एका संध्याकाळी वीज नव्हती. आकाश अजून तांबूस होतं, पण अंगण निळं व्हायला लागलं होतं. शेवगा कागद कापून चिकटवल्यासारखा दिसत होता. मी माझ्या दारात तांदूळ निवडत बसले होते. सर आणि बेबी ओट्यावर. दुपारी तारेवर काकूंचं लाल लुगडं होतं, ते मीही पाहिलं होतं. काकू घरातून आल्या, पायांचा आवाज न करता तारेपाशी गेल्या, लुगडं ओढून काढलं आणि खांद्यावर टाकून तिथेच उभ्या राहिल्या. मला वाटलं, कपडे काढायची वेळ झाली म्हणून आल्या असतील. पण त्या हलल्या नाहीत. ओट्याकडे तोंड करून उभ्याच राहिल्या.

"तारेवर काय हाय, बेबी?"

"आईचं लाल लुगडं, बाबा. त्या कडेला."

सर पुढे वाकले. डोळे बारीक केले. "शाब्बास," ते म्हणाले. "काठसुद्धा दिसायलाय मला."

तार रिकामी होती. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"लुगडं माझ्या खांद्यावर हाय," काकू म्हणाल्या.

काकू हळूहळू ओट्यापाशी आल्या, लुगडं बेबीच्या मांडीवर ठेवलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळेच तो ऐकवत नव्हता.

"दोघंबी माझ्यासमोर खोटं बोलून राहिलात अन् दोघंबी एकमेकांसाठी. किती दिवस? उद्या ही नर्स व्हईल. रात्रपाळीला एखाद्याच्या तोंडात भलतंच औषध घालंल, मग? तवा कंचं दार सांगणार हाव तुमी?"

बेबी रडायला लागली. सरांनी हात पुढे करून तिचं डोकं शोधलं. पहिल्यांदा हात हवेतच फिरला.

"उद्या लातूरला जावा," काकू म्हणाल्या. "डोळ्याच्या डाक्टरकडं. माझी शेळी व्यायला आली हाय, मला हलता येत न्हाई. बाई संगं येतील." मला कुणी विचारलं नव्हतं. पण काकूंना नाही म्हणणं मला तरी जमलं नसतं.

सकाळच्या एस.टी.नं निघालो. चाकूर मागे पडलं. खिडकीतून रानं दिसत होती, भेगा पडलेली, त्यात मध्येच एखादं बाभळीचं झाड. लातुरात नव्या जिल्ह्याच्या पाट्या जागोजाग लागल्या होत्या, रंग अजून ओला वाटावा अशा. डॉक्टर तरुण होते. बेबीच्या डोळ्यांत थेंब टाकले, मग अंधाऱ्या खोलीत नेऊन बारीक उजेडात बराच वेळ बघितलं. बाहेर आल्यावर त्यांनी सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे का असं?"

"आजीला होतं," बेबी म्हणाली.

"आजी उपाशी व्हती," सर एकदम म्हणाले. आवाज चढला होता. "तिच्या ताटात काय नव्हतं. ते ताटाचं हाय, डॉक्टर."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आणि तुम्हाला?"

सर छत्री खुर्चीला टेकवून आपणहून उठले, डोळ्यांत थेंब टाकून घेतले आणि अंधाऱ्या खोलीत गेले.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी घाई केली नाही. म्हणाले, हा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे. तो पिढीतून उतरतो. सरांच्या आईला होता, सरांना आहे, मुलीला आहे. अंधारात दिसत नाही, पुढे हळूहळू कडेकडेचंही दिसणं कमी होत जातं. दिवसाची नजर पुष्कळ वर्षं टिकेल. याला औषध नाही. पाला खा, चांगलाच असतो, पण याच्यासाठी नाही. खाण्याच्या कमतरतेनं झालं असतं तर एवढ्या वर्षांत केव्हाच भरून आलं असतं.

"नर्सिंग?" बेबीनं विचारलं.

"रात्रपाळी असते ना त्यात," ते हळूच म्हणाले. बेबीनं मान हलवली, जणू तिला हे आधीपासून ठाऊक होतं.

थेंबांमुळे दोघांनाही ऊन सोसवेना. सरांनी काखेतली छत्री उघडली. इतक्या दिवसांत ती उघडलेली मी पहिल्यांदा पाहिली. तिच्या सावलीत बापलेक स्टँडवर बसून राहिली. सरांनी पेला काढला, पाणी प्यायले नाहीत, नुसता हातात फिरवत बसले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एवढा मोठा माणूस, एका दिवसात त्याच्या गावातल्या लोकांचं वाक्य खरं ठरलं होतं.

परतीची गाडी उशिरा मिळाली. अहमदपूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दिवस बुडाला होता आणि गावात वीज नव्हती. कित्येक वर्षांत सर या वेळी रस्त्यावर आले नसतील. मी मध्ये, एका हाताला सर, दुसऱ्या हाताला बेबी, अशी आमची वरात निघाली. धूळ अजून उन्हानं कोमट होती. चुलींचा धूर, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा, कुठल्या तरी घरातला रेडिओ, सगळं लांबून येत असल्यासारखं. मला दिसत होतं तरी मीही झोपेतच चालत होते.

बाजाराच्या वळणावर सर थांबले.

"बेबी," ते म्हणाले, "मी तुला हे दिलं."

"हाव," बेबी म्हणाली.

"मी आयुष्यभर म्हणत आलो, जन्मानं माणसाला कायबी मिळत न्हाई. मिळतं ते ताटातून अन् पुस्तकातून. अन् तुला मिळालं ते नेमकं..."

बेबी माझ्या पलीकडून बोलत होती, ती त्यांना दिसत नव्हती आणि तिला ते दिसत नव्हते. "बाबा, नाक तुमचंच आलंय मला. चाल तुमची. आई म्हणती हट्टबी तुमचाच. ते समदं मी मिरवत फिरते. मग हे एकच कसं परत करू? अन् कुणाला?"

माझा हात सरांनी इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीही बोटं दुखत होती. घरी पोचलो तेव्हा काकू दारात कंदील घेऊन उभ्या होत्या. शेळी व्याली होती. त्यांनी एकदा तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि ताटं वाढायला घेतली. ताटात पाला होता. सर्वांनी खाल्ला.

पुढचे काही दिवस सर शाळेत आले, शिकवून गेले, पण कुणाला दार विचारलं नाही. दूधवाला मला म्हणाला, "सरांचं काय बिनसलंय? मला खोकला झालाय, तरी विचारना गेले." मला त्या खोकल्याची दया आली.

मग एका सकाळी पत्र्यापलीकडे खडूचा आवाज आला. घर काढलं गेलं. पहिलं दार, दुसरं, तिसरं, सगळं भराभर. माझ्या मुलींनी नेहमीप्रमाणे कान लावले आणि मीही कविता खाली ठेवली.

"आज चौथं दार," सर म्हणाले. "मी हे कधी शिकवलं न्हाई. आजवरची पोरं हे माझ्याकडून न शिकताच गेली. तुमी शिकून घ्या. काही रोग आईबापाकडून लेकराकडं येतात. जसा रंग येतो, जसं नाक येतं. त्यात पाण्याचा दोष नसतो, ताटाचा नसतो. पुस्तकातलं उदाहरण ऱ्हाऊ द्या. माझं लिवून घ्या. माझ्या मायला दिवस मावळल्यावर दिसत नव्हतं. मला दिसत न्हाई. माझ्या पोरीलाबी दिसत न्हाई."

गावानं वर्षानुवर्षं भुतांच्या आणि बायकोच्या गोष्टी रचल्या होत्या, त्याचं उत्तर सातवी-आठवीच्या पोरांना असं भर दिवसा मिळालं. मग मागच्या बाकावरून कुणी तरी धिटाईनं विचारलं, "मग सर, ह्याच्यात चूक कुणाची?"

मी पत्र्याला हात लावून उभी होते.

"कुणाचीच न्हाई," सर म्हणाले. "म्हणून तर मी हे दार उघडत नव्हतो. पटकी आली तर पाण्याशी भांडता येतं. ताट रिकामं असलं तर ते रिकामं ठेवणाऱ्याशी भांडता येतं, अन् मी लई भांडलो. हितं भांडायचं कुणाशी? माझ्या मायशी?" मग त्यांनी घसा साफ केला. "अन् एक नीट ध्यानात ठेवा. हे शरीराचं हाय. जन्मानं डोळे मिळतात. माणसाची किंमत जन्मानं मिळत न्हाई. ते जे म्हणायचे, ते तवाबी खोटं व्हतं अन् आताबी खोटंच हाय. लिवा."

पलीकडे पेन्सिली चालू लागल्या. माझ्या वर्गातल्या मुलीही लिहीत होत्या. मी त्यांना थांबवलं नाही.

बेबीनं नर्सिंगच्या मुलाखतीला जायचं सोडलं आणि डी.एड.ला नाव घातलं. "शाळा दिवसाची असती," ती म्हणाली, आणि दोन दिवस खोलीत रडली. मग सुट्टीत घरी आली की माझ्या पाठीस लागून मला पाठ कसा घ्यायचा ते विचारायची. मीही पुढे बदली होऊन नांदेडला परतले. आता नदी पुलावरून दिसते आणि मी पाय धुवायला एकच तांब्या घेते. घरचे हसतात.

पण त्या दिवसाची संध्याकाळ राहिली सांगायची, ज्या दिवशी सरांनी चौथं दार उघडलं. ते वेळेवर घरी आले, शेवग्याला पाणी घातलं. "आता कशाला?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "शेंगा चांगल्या लागत्यात, बाई." मग ओट्यावर बसले. बेबी येऊन शेजारी बसली. अंगण निळं होत चाललं होतं. इतक्या दिवसांची सवय, सरांच्या तोंडून शब्द निघालाच.

"तारेवर काय हाय, बेबी?"

"मला दिसत न्हाई, बाबा."

"मलाबी न्हाई," सर म्हणाले. मग त्यांनी माझ्या दाराच्या दिशेनं मान वळवली. मी तिथे आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. "बाई, तुमी सांगा."

मी पाहिलं. त्या दिवशी काकू कपडे काढायला विसरल्या होत्या की मुद्दाम ठेवले होते, मला माहीत नाही. तारेवर त्यांचं लाल लुगडं खरंच होतं, वाऱ्यानं एका बाजूला सरकलेलं. मी तसं सांगितलं. लाल लुगडं आहे, त्या कडेला, काठ जमिनीला लागायला आलाय. दोघांनी एकदमच तिकडे तोंड केलं आणि अंधार पडेपर्यंत तिकडेच बघत बसली.